चौथ्या दिवसाचं पाणी

“गाय कुठाय?”

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरमालकांच्या फाटकाशी नवा माणूस आला की हमखास हाच प्रश्न विचारायचा. घरापुढे दहा बाय पंधरा फुटांचा हिरव्या गवताचा तुकडा, त्याच्या कडेने तिरक्या रोवलेल्या विटा, आणि मधोमध अनवाणी उभे असलेले काका, हातात पाण्याची नळी. एवढं निगुतीनं गवत वाढवलंय म्हणजे मागे गोठा असणार, असं कोणालाही वाटावं. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. “गाय नाय. चरायला मीच हाय.”

पहिल्या दिवशी मीही तेच विचारलं होतं. लग्नाला चार महिने झाले होते, ह्यांना धाटावला एका कंपनीत नोकरी लागली होती, आणि काकांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं कळल्यावरून आम्ही बघायला आलो होतो. मी माणदेशातली. आमच्याकडे पाहुण्याला दूध मिळेल, पण दुसरा तांब्या पाणी मागायचं त्याच्या जिवावर येईल. त्या मातीतून आलेल्या मुलीला, जनावर नसताना गवताला पाणी घालणारा माणूस बघून हसू फुटलं तर नवल नाही. काकांनी माझ्या हसण्याकडे लक्षही दिलं नाही. ते ह्यांना म्हणाले, “विहीर एकच हाय. पानी वापरा, भरपूर वापरा. पन रोज थोडं थोडं सांडनारी मानसं नकोत मला.”

हे काय बोलणं, ते आम्हाला दोघांनाही समजलं नाही. खोल्या मात्र मिळाल्या.

काका धाटावच्याच एका कंपनीत ऑपरेटर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पहिल्या शिफ्टची सवय अंगातून गेली नव्हती. पहाटे ह्यांचा डबा भरायला मी उठायची तेव्हा काका अंगणात असायचेच. पाणी मात्र रोज नाही, चौथ्या दिवशी. त्या दिवशी ते गवतात पाच रिकामे डबे मांडायचे, कुठला रंगाचा, कुठला दूध पावडरीचा. मग नळीच्या तोंडावर अंगठा धरून पाणी उडवत फिरायचे. झालं की डब्यांत बोट बुडवून बघायचे. एकात पेरभर आणि दुसऱ्यात अर्धं पेर निघालं की स्वतःवरच असे चिडायचे की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अवो, शेजारी निजलेत!” शेवटी एक लांब सळई जमिनीत खुपसायची. ओल्या जमिनीत ती सुळकन जाते, कोरडं लागलं की अडते. सळईवर वीतभर उंचीला काकूंच्या कुंकवाची खूण होती. ती खूण जमिनीत गडप होईपर्यंत नळी बंद व्हायची नाही.

मधल्या तीन दिवसांत ते रोज संध्याकाळी गवतावर एक पाऊल टाकायचे आणि घड्याळ लावल्यासारखे बघत उभे राहायचे. पाती उठून सरळ झाली की खूश. पाऊल तसंच उमटून राहिलं तर म्हणायचे, “तहान लागलीय. लागू दे. तहान लागल्याबिगर मूळ खाली उतरत नाय. रोज तोंडाशी पानी मिळालं तर ते कशाला खाली जाईल, गो? तू गेली असतीस?”

हा चौथ्या दिवसाचा नियम गवतापुरता असता तर मी त्यांना फक्त हौशी म्हटलं असतं. पण काका वर्तमानपत्रसुद्धा चौथ्या दिवशी वाचायचे, चारही एकदम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोपर्यंत देशात काय चाललंय ते कोणी सांगायला गेलं तर कानावर हात ठेवायचे. पुलापलीकडे रोह्यात त्यांचा एक जुना मित्र होता. त्याच्याकडे चार दिवसांनी जायचे आणि तीन तास बसायचे. शेजारचं जोडपं रोज कुरबुर करायचं. काका एकदा कुंपणावरून त्यांना म्हणाले, “चार दिवस साठवा नि एकदाच कडकडून भांडा. रोजच्या शिंतोड्यानं नुसता चिखल व्हतो.” शेजारीण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी आईला रोज एक पोस्टकार्ड लिहायची ते त्यांनी पाहिलं तेव्हा माझीही सुटका झाली नाही. “चार दिवसांचं एक लिही. आई सारखी सारखी वाचील.” मी हट्टाने रोजच लिहीत राहिले.

मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. हा माणूस गवत का वाढवतो? नारळ नाही, जास्वंद नाही, एक अळूचं पानदेखील नाही. कंपनीतली माणसं म्हणायची, गेस्ट हाऊसच्या माळ्याकडून मुळं आणली, साहेबाची बरोबरी करायचीय. शेजारीण म्हणायची, डोक्यावर परिणाम झालाय. मी काकांनाच विचारलं तर म्हणाले, “हिरवं दिसतं.” बस्स.

उत्तर शेवटी काकूंकडून मिळालं. एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. काका रोह्याला गेले होते. काकू म्हणाल्या, “त्यांच्या दादासाटी हाय ते.”

काका मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाले. थोडी भातशेतीही होती, खाडीला बांध घालून राखलेली. त्या मुलखातला एक कायदा आहे. उधाणात बांध फुटला की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर. चूल बंद पडो, घरात बाळंतीण असो, बांध पहिला. कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते शेत वर्षानुवर्षं कामाला येत नाही. एका भाद्रपदात असाच बांध फुटला. मोठा भाऊ तापाने फणफणलेला. बांधावर जायची पाळी काकांची होती. पण काका तेव्हा कंपनीत नवेनवे लागलेले, अजून कायम झाले नव्हते. ते बांधावर गेले खरे, चार गोळे चिखल टाकला, आणि दुसऱ्या शिफ्टची गाडी धरायला निघून आले. पुढच्या भरतीला त्यांच्याच वाट्याचा बांधाचा तुकडा वाहून गेला. चाळीस घरांची शेतं खारावली.

“दादा अंगात ताप घेऊन दारात आले नि बोलले,” काकू सांगत होत्या. “‘तुझ्या दारात गवत बी उगवनार नाय.’ तवापासून ह्या घरात पाय नाय ठेवला. वीस वर्षं व्हतील.”

आमच्याकडे शाप द्यायचा तर म्हणतात, तुझ्या दारात गवत उगवो. म्हणजे घर ओस पडो, अंगणात पावलं न उमटोत. खाडीकाठी नेमकं उलटं. तिथे मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर गवताची काडी येत नाही, हीच ओस पडल्याची खूण. मग काकांच्या अंगणातला तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि पहिल्या दिवशी हसले होते त्याची मला लाज वाटली.

दादांनी अबोला धरला होता, पण नातं अगदीच तोडलं नव्हतं. दरवर्षी होळीच्या सुमाराला पेणच्या गाडीतून खड्याच्या मिठाची एक गोण यायची. बरोबर ना चिठ्ठी ना निरोप. काका ती स्वतः स्टँडवरून आणायचे आणि तिच्यावर हात फिरवून परसात ठेवायचे.

त्या वर्षी काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न जमलं. साखरपुडा वैशाखात, घरीच करायचं ठरलं. घरातल्या वडीलधाऱ्याशिवाय साखर कशी वाटायची, म्हणून काकू स्वतः गावी जाऊन दादांना बोलावून आल्या. ते म्हणाले, “बघतो.” वीस वर्षांत पहिल्यांदा ते ‘नाय’ म्हणाले नव्हते. त्या दिवसापासून काकांना लग्नातलं बाकी काही दिसेना. मांडव किती, माणसं किती, ते काकू बघत होत्या. काका गवत बघत होते.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू पिकला होता, थांबता येणार नव्हतं. पनवेलला मोठ्या मुलीकडे राहून ते करायचं, तीन आठवडे तिथेच; काकू आणि धाकटीही बरोबर जाणार होत्या. जायच्या आदल्या पहाटे त्यांनी मला अंगणात बोलावलं, सळई माझ्या हातात दिली आणि डब्यांपासून पावलापर्यंत सगळं शिकवलं.

“चौथ्या दिवशी. पोटभर. मधे कितीबी मलूल दिसलं तरी नाय घालायचं. दया करायची नाय, कळलं ना, बाय?”

“कळलं काका.”

पहिलं पाणी मी अगदी त्यांच्यासारखं घातलं. दुसऱ्या दिवशी चैत्राचं ऊन असं कडाडलं की संध्याकाळपर्यंत पात्यांच्या गुंडाळ्या झाल्या. मी पाऊल टाकलं, ते तसंच राहिलं. दादा येणार आहेत आणि माझ्या हातून हे वाळलं तर? मी माणदेशातली. तहानलेलं समोर दिसत असताना चौथ्या दिवसाची वाट बघणं माझ्याच्याने होईना. मी एक बादली आणली आणि आईने सडा टाकावा तसं हाताने पाणी शिंपडलं. पाती टवटवीत झाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंपडलं. मग सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी वाटलं, रोज घालतोच आहोत, आता पोटभर कशाला? विहिरीचं पाणीही खाली गेलं होतं, थोडं मचूळ लागत होतं. तेवढीच बचत.

दोन आठवड्यांनी पात्यांची टोकं जळली. मी आणखी एक बादली वाढवली. तिसऱ्या आठवड्यात गवत पिवळं पडलं आणि विटांच्या कडेने जमिनीवर पांढरी भुकटी दिसू लागली. ती मी झाडूने काढत राहिले, धूळ असेल म्हणून.

काका परत आले ते डोळ्यांवर गडद हिरवा चष्मा लावून. काकूंनी हात धरला होता. डॉक्टरांनी ताकीद दिली होती: चाळीस दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. काकूंनी अंगण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोटानेच गप्प राहायची खूण केली. त्या चष्म्यातून सगळं हिरवंच दिसत असणार, चार दिवस तरी निभेल, असा त्यांचा हिशोब. पण काकांनी फाटकातच वहाणा काढल्या आणि पाय गवतावर ठेवला.

करकर असा आवाज आला. ते थांबले. दुसरा पाय पुढे टाकला. पुन्हा तोच आवाज.

“रोज घातलंस ना?”

“हो काका.” मला रडू यायला लागलं होतं. “थोडं थोडंच घातलं. बघवेना मला.”

काका मान हलवून म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं, “मचूळ पानी पातळ पसरायचं, वर ऊन घ्यायचं, सुकलं की परत पानी. गो बाय, आमी मीठ असंच पिकवतो.”

साखरपुड्याला नऊ दिवस उरले होते. उपाय काकांना ठाऊक होता. मीठ धुऊन खाली ढकलायचं तर कडेने बांध घालून गोड पाणी तुंबवायला हवं, एकदाच, भरपूर. मी आणि हे दोघेही करायला तयार होतो. पण विहिरीत घरापुरतं पाणी उरलेलं, तेही मचूळ. गावच्या नळाला जेमतेम येईल ते पाणी काकू पाहुण्यांसाठी पिंपांत साठवत होत्या. काका म्हणाले, “पावने हातपाय कशानं धुतील? राहू दे.” आणि खुर्ची टाकून त्या पिवळ्या तुकड्याकडे तोंड करून बसले. चौथा दिवस आला, पण साठलेली वर्तमानपत्रं त्यांनी उघडलीच नाहीत. मी पंधरा पोस्टकार्डं घेऊन ठेवली होती, त्यातलं एकही मला लिहवेना.

साखरपुड्याच्या सकाळी पहिल्या गाडीने दादा आले. काकांहून उंच, काळेभोर, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी. मिठात उभं राहून राहून पायांची कातडी भेगाळलेली. ते फाटकापाशी थांबले आणि आत आलेच नाहीत. काका खुर्चीतून उठले. दोघं भाऊ समोरासमोर, मधे ते जळलेलं गवत.

“ह्योच काय तुझा गवत?”

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, “दादा, काकांची चूक नाही. माझ्यामुळे वाळलं. ते नसताना मी रोज पाणी...”

“थांब गो,” काका म्हणाले. मग दादांकडे बघून, “माझा दार हाय, दादा. माझ्याच दारात वाळला.”

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग विटांजवळच्या पांढऱ्या भुकटीकडे. खाली वाकून त्यांनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि एकदम खेकसले, “अरे, खार फुटलाय! बसून काय ऱ्हायलास? बांध नाय घालायला येत तुला?”

“वाकायचं नाय सांगितलंय डाक्टरनं.”

“मंग मला कोनी सांगितलंय?” असं म्हणून दादांनी धोतराचा काचा मारला, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि वीस वर्षं न ठेवलेला पाय फाटकाच्या आत टाकला. “फावडा आन. पानी कुठाय?”

पाणी पिंपांत होतं. चार पिंपं, पाहुण्यांच्या हातपाय धुण्याची. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू क्षणभर पदर चावत उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच पहिल्या पिंपावरचं झाकण काढलं.

पुढचा तासभर काय गंमत झाली ती मी अजून विसरले नाही. नवी साडी नेसलेली मी बादल्या भरून देत होते, हे त्या ओतत होते, आणि दादा हाताने चिखल थापत गवताच्या चारी बाजूंनी वीतभर उंच बांध घालत होते. तो इतका सरळ की दोरी लावल्यासारखा. काका वाकू शकत नव्हते, म्हणून काठीने दाखवत होते, “दादा, तिकडं झिरपतंय.” दादा म्हणायचे, “दिसतंय मला, माझे डोळे चांगले हायेत.” शेजारीण, जी काकांवर रुसली होती, दोन हंडे घेऊन आली. तिचा नवराही आणखी दोन घेऊन आला.

नवऱ्याकडची मंडळी आली तेव्हा घरापुढे अंगण नव्हतंच, तळं होतं. रेशमी साड्या गुडघ्यापर्यंत उचलून, एकामागे एक, विटांवरून तोल सावरत सगळे आत गेले. नवऱ्या मुलाच्या काकांनी जाता जाता बांधाला पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, “हात खाडीवरचा हाय.” दादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांची मान थोडी ताठ झाली.

ते गवत नंतर जगलं का, हे लोक मला नेहमी विचारतात. अर्धंअधिक जगलं. विटांच्या कडेचं गेलंच. आम्ही दुसऱ्या वर्षी ह्यांच्या बदलीमुळे अष्टमी सोडली, तेव्हा त्या कडेला काका नव्याने मुळं लावत होते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची दुपार. साखर वाटून झाली, पाहुणे गेले. पेणची गाडी चारला होती. काकूंनी दादांसाठी लाडू बांधून दिले, पिशवी दारात ठेवली. काका त्यांच्याकडे बघत नव्हते. वीस वर्षं ज्याच्यासाठी गवत राखलं तो माणूस एक दिवस आला आणि चाललाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तेच म्हणाले, “दादा, गाडी चुकंल.”

दादा तळ्याच्या काठी उकिडवे बसले होते. पाणी निम्मंच उतरलं होतं. वर न बघता ते म्हणाले, “पानी तुंबलेलं असताना बांध सोडून जायाचं नसतं. उद्या बी गाडी हाय.”

काकांनी चष्म्याखालून बोट घातलं. काकू धावल्याच, “अवो, डाक्टरनं सांगितलंय, डोळ्यातनं पानी नाय काढायचं!”

“मी कुठं काढतो,” काका म्हणाले आणि घाईघाईने विषय बदलला. “दादा, तू माझ्या खाटेवर निज. मी खाली निजतो.”

“येडा का खुळा तू?” दादा म्हणाले. “वाकायचं नाय ना तुला? मंग खाली कसा निजशील? तू निज खाटेवर. मी खाली हाय.”